मुंगीचे विरजण

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेच्या सभागृहात वारुळाचा विषय काढणे म्हणजे ग्रंथपालांच्या जखमेवर मीठ चोळणेच होय. वारूळ म्हणताच त्यांना पोखरलेल्या पोथ्या आणि मातीने लिंपलेली कपाटे आठवणार. म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. आजचा विषय मुंगीचा आहे आणि वाळवी ही मुंगी नव्हे. तिला पांढरी मुंगी म्हणण्याचा प्रघात असला, तरी प्राणिशास्त्राच्या वंशावळीत वाळवीचे नाते झुरळाशी लागते, तर मुंगीचे गांधीलमाशी आणि मधमाशी यांच्याशी. डोंगरउतारावर दिसणारे उंच वारूळ वाळवी बांधते. मुंग्या तेथे मागाहून शिरतात आणि नागोबा तर त्यांच्याही मागून आयत्या बिळावर येऊन बसतो. आदिकवींच्या नावात जे वल्मीक आहे, तेही वाळवीचेच.

मुंगीला मात्र मराठी कवितेत मुक्ताबाईंपासून मानाचे स्थान आहे. साखरेचा कण वेचणारी, उद्योगी, लहान म्हणूनच सुखी, अशी तिची प्रतिमा आपल्या मनात ठसलेली असते. वेचणारी मुंगी आपल्या कवींनी पाहिली, पण शेती करणारी पाहिली नाही. यात त्यांच्या निरीक्षणाचा दोष नाही. बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्या केवळ अमेरिका खंडांत आणि त्यांच्या लगतच्या बेटांवर आढळतात. आशिया, आफ्रिका आणि युरोप येथे त्यांची एकही मूळची जात नाही.

दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत गेलेल्या प्रत्येक युरोपीय प्रवाशाने पानांचे तुकडे डोक्यावर छत्रीसारखे धरून चाललेल्या मुंग्यांच्या रांगा पाहिल्या होत्या. ही पाने कशासाठी, हे मात्र कोणालाच उमगत नव्हते. मुंग्या ती खात असाव्यात, असा एक सोपा तर्क होता. हेन्री वॉल्टर बेट्स हा ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षानुवर्षे राहिलेला निसर्गाभ्यासक. त्याला वाटले, या पानांनी मुंग्या आपले घर शाकारतात. खरे उत्तर सापडले ते टॉमस बेल्ट या खाणकामाच्या अभियंत्याला. निकाराग्वातील चाँतालेस येथे सोन्याच्या खाणीची देखरेख करणारा हा गृहस्थ वेळ मिळताच मुंग्यांची बिळे खणत असे. आत त्याला माणसाच्या डोक्याएवढ्या गोलाकार खोल्या आढळल्या. त्यांत ताजे पान क्वचितच दिसे. दिसे तो तपकिरी, स्पंजासारखा भुसभुशीत लगदा आणि त्यावर पसरलेले बुरशीचे पांढुरके तंतू. पाने हे खत आहे आणि मुंग्यांचे अन्न आहे ती त्यावर वाढवलेली बुरशी, असा निष्कर्ष त्याने १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. याच बेल्टने आणखी एक मौज नोंदवून ठेवली आहे. खाणीच्या ट्रामगाडीखाली मुंग्या चिरडू लागल्या, तेव्हा काही दिवसांनी त्यांनी प्रत्येक रुळाखालून बोगदा खणला. बेल्टने बोगदे बुजवले. तरी मुंग्या रुळावरून गेल्या नाहीत. त्यांनी नवे बोगदे खणले. आजच्या विषयाच्या दृष्टीने त्याची आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. बिळावरची काही भोके मुंग्या कधी उघडतात, कधी बंद करतात आणि त्यामागे आतले तापमान राखण्याचा हेतू असावा, असे त्याला वाटले. या तर्काची सविस्तर परीक्षा व्हायला शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

बेल्टनंतर आल्फ्रेड म्योलर या जर्मन शास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये या बुरशीचा कसून अभ्यास केला आणि १८९३ साली तो प्रसिद्ध केला. बुरशीच्या तंतूंच्या टोकांना बारीक फुगीर गाठी येतात, मुंग्या त्याच तोडून खातात आणि पिलांना भरवतात, हे त्याने दाखवले. पुढे १८९८ साली हेर्मान फॉन ईहेरिंग याने पिढ्यांचे कोडे सोडवले. लग्नाच्या उड्डाणासाठी वारूळ सोडणारी तरुण राणी आपल्या तोंडातील एका लहानशा पिशवीत माहेरच्या बुरशीची गोळी घेऊन निघते. ती जमिनीत एकटीच बीळ खणते, गोळी बाहेर काढते, आपल्याच विष्ठेच्या थेंबांनी तिला खत घालते आणि मग अंड्यांकडे वळते. पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडून पाने आणीपर्यंत हा मळा तिने एकटीने जगवायचा असतो. तो सुकला किंवा नासला की त्या राणीचा वंश तेथेच संपतो.

या गोळीला प्रयोगशाळेत काहीही नाव असो, मराठी घराला तिच्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. ते विरजण आहे. पिढ्यान्पिढ्या एकाच घरात चालत आलेले, संपू न दिलेले. आणि विरजणाचा गुणदोष ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला पुढचा सगळा विषय निम्मा सांगूनच झाला. विरजण थंडीत लागत नाही, म्हणून पातेले कापडात गुंडाळून चुलीजवळ ठेवावे लागते. उन्हाळ्यात ते पाहता पाहता आंबट होते. दूध तेच, भांडे तेच आणि हातही तोच असतो. ऋतू बदलला की बिघडते ते त्या भांड्यातले जिवंत काहीतरी.

मुंगी आणि बुरशी यांच्या संसारात नेमकी हीच अडचण आहे. दोघांचे देह निराळे, म्हणून सोसण्याच्या मर्यादाही निराळ्या. पाने कापणाऱ्या मुंग्यांची बुरशी साधारण २५ अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम वाढते. पारा तिशीच्या पुढे सरकला की तिची वाढ खुंटते, आणि थंडीत ती थिजते. हवा तर तिला जवळजवळ बाष्पाने भरलेली लागते. थोडी कोरडी झळ लागली की ती वाळू लागते. मुंगी त्यामानाने काटक. उन्हाने तापलेल्या वाटेवर ती चालते, आणि चटका बसलाच तर सावलीला जाते. बुरशीला पाय नाहीत. तेव्हा दोघांच्या वतीने हलायचे कोणी, तर मुंगीने.

ती हलते म्हणजे काय करते, हे उरुग्वे, दक्षिण ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्या गवताळ प्रदेशातील ॲक्रोमिर्मेक्स हेयेरी या मुंगीच्या उदाहरणावरून पाहावे. मार्टिन बोलाझी आणि फ्लाविओ रोसेस या संशोधकांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आहे. या मुंग्या आपला मळा जमिनीत खोल लपवत नाहीत. त्या प्रदेशात खोलची माती बुरशीला पुरेशी ऊबदार नसते. म्हणून पृष्ठभागाजवळ, वाळक्या गवताच्या काड्यांचे छप्पर रचून त्याखाली त्या एकच मोठा मळा ठेवतात. छप्पर उन्हाची ऊब आत घेते, दुपारचा कडक ताप अडवते आणि रात्री मिळालेली ऊब लवकर जाऊ देत नाही. कोकणातल्या जुन्या गवती घरात राहिलेल्यांना यात नवल वाटू नये. संशोधकांनी या मुंग्यांना थंडापासून गरमापर्यंत क्रमाने बदलणाऱ्या तापमानाची जागा दिली, तेव्हा त्यांनी बुरशी उचलून जिथे पारा पंचविशीच्या जवळपास होता तिथे नेऊन ठेवली. मुंगीच्या अंगी जणू बुरशीचाच तापमापक बसवलेला आहे.

पण पेच पुढेच आहे. आतली हवा तापली तर छपरात भोके पाडून ऊब बाहेर जाऊ द्यावी. पण भोक पाडले की उबेबरोबर ओलही निघून जाते. बाहेरची हवा कोरडी असेल तर मुंगीने काय करावे? बोलाझी आणि रोसेस यांना असे दिसले की अशा वेळी मुंग्या भोके बुजवतात. ताप सोसतात, पण ओल जाऊ देत नाहीत. बेल्टचा तर्क खरा ठरला, मात्र अर्धाच. भोके तापमानासाठी उघडतात हे खरे, पण तापमान आणि ओलावा यांत एकाचीच निवड करण्याची पाळी आली, तर मुंगी ओलाव्याच्या बाजूने कौल देते. उकाड्याने मळा मंदावतो, कोरडेपणाने तो मरतो. तिचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

याच वंशातल्या, अधिक उष्ण मुलखात राहणाऱ्या जाती मात्र मळा जमिनीखाली नेतात. दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर या जातींची घरे पाहत गेले, तर उष्ण मातीच्या प्रदेशात खोलवरची आणि थंड प्रदेशात वरवरची, अशी सर्वसाधारण विभागणी दिसते. याचा अर्थ असा की घराची उंची-खोली ही बव्हंशी बुरशीची मागणी आहे आणि मुंगी ती बांधून पुरवते.

येथवर सगळे श्रेय मुंगीचे आहे. बुरशी केवळ लाड पुरवून घेणारी. परंतु टेक्सासमध्ये गेले की चित्र बदलते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टेक्सास आणि लुइझियाना या राज्यांत ॲटा टेक्साना नावाची मुंगी राहते. पाने कापणाऱ्या मुंग्यांपैकी सर्वांत उत्तरेकडची ही जात. मुळात हा सगळा वंश उष्ण कटिबंधातला. टेक्सासच्या उत्तर भागात हिवाळी रात्री पारा गोठणबिंदूखाली जातो. उष्ण कटिबंधातील मुंग्यांची बुरशी तेथील हिवाळ्यात टिकू नये. तरीही या मुंग्यांचा मळा बारा महिने चालू असतो. हे कसे, याचा शोध टेक्सास विद्यापीठातील उलरिक म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला आणि २०११ साली तो प्रसिद्ध केला.

उत्तराचा पहिला भाग ओळखीचा होता. हिवाळ्यात मुंग्या मळे जमिनीत खोल ठेवतात, कारण पृष्ठभाग गोठला तरी खालची माती आपली ऊब सहसा सोडत नाही. वसंतात वरची माती तापू लागली की त्याच मुंग्या मळा वरच्या, अधिक उबदार खोल्यांत आणतात. हे स्थलांतर जबड्यात मावेल एवढ्या तुकड्या-तुकड्याने होते. लाखो कामकऱ्यांची वस्ती वर्षातून दोनदा आपले शेत उचलून दुसऱ्या मजल्यावर नेते, असे म्हटले तरी चालेल.

दुसरा भाग अनपेक्षित होता. संशोधकांनी या मुंगीच्या साऱ्या मुलखातून, दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत, बुरशीचे नमुने गोळा केले आणि मुंग्यांवाचून, नुसत्या बुरशीला थंडी दाखवून पाहिले. जसजसे उत्तरेकडे जावे, हिवाळा कडक होत जावा, तसतशी बुरशीची थंडी सोसण्याची शक्ती वाढलेली आढळली. मुंगी तीच, बुरशीचे कूळही तेच. पण वाण निराळे. आपल्याकडे जसे घाटावरचे आणि कोकणातले भाताचे वाण निराळे, तसे.

हे वाण कोणी निवडले? येथे एखाद्या शहाण्या मुंगीची कल्पना करण्याचा मोह आवरायला हवा. निवडले ते हिवाळ्याने. राणी घरचे विरजण घेऊन निघते. एखाद्या घरचे विरजण थंडीला जरा अधिक दाद न देणारे असले, तर कडक हिवाळ्यानंतर त्या घरचा मळा उरतो, दुसऱ्याचा जातो. उरलेल्या घरातूनच पुढच्या वसंतात राण्या उडतात आणि तेच विरजण आणखी थोडे उत्तरेला पोचते. मुंगीच्या पोटी वारस जन्मतो तसा बुरशीचाही वारसा तिच्या तोंडातून पुढे जातो. दोन वंशांची परीक्षा एकाच कागदावर घेतली जाते आणि गुणपत्रिकाही एकच.

क्वचित विरजण शेजारून आणण्याचीही सोय असते. बुरशीची शेती करणाऱ्या, सायफोमिर्मेक्स या वंशातील लहानखुऱ्या मुंग्यांवरील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. या मुंग्यांचा मळा नष्ट केला, तेव्हा काही वसाहतींनी शेजारच्या वसाहतीशी मळ्याची वाटणी केली, तर काहींनी तो सरळ चोरून आणला. शेजारधर्म आणि चोरी यांतली सीमारेषा मुंग्यांच्या राज्यातही पुसटच असावी.

परंतु म्युलर यांच्या अभ्यासातली विचार करायला लावणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. थंडीला तोंड देणारे वाण तयार झाले, मळे खोल नेण्याची रीत पडली, तरी ही मुंगी एका रेषेच्या उत्तरेला जाऊ शकलेली नाही, आणि ती रेषा मुख्यत्वे हिवाळी तापमानाने आखलेली आहे. पाने बुरशीकडून पचवून घेण्याची युक्ती सापडली, म्हणून या मुंग्या अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात अनभिषिक्त शेतकरी झाल्या. एका वसाहतीत लाखो कामकरी, सात-सात मीटर खोल घरे, हे सारे वैभव त्या बुरशीचे देणे आहे. आणि त्याच बुरशीच्या थंडीभित्रेपणाने त्यांच्या पायांत बेडी घातली. संसाराला दुसरा आला की बळ वाढते. पण पल्ला मात्र दोघांपैकी जो अधिक नाजूक, त्याच्याच पावलांनी मोजला जातो.

मग या रेषेच्या पलीकडे कोणीच नाही काय? आहे. तिचे नाव ट्रॅकिमिर्मेक्स सेप्टेन्ट्रिओनॅलिस. ही पाने कापणाऱ्यांची दूरची, गरिबाघरची बहीण म्हणावी अशी आहे. वसाहत लहान आणि मळाही बेताचाच; तो सुरवंटांची विष्ठा, पडलेल्या पाकळ्या असल्या वस्तूंवर चालवायचा. पण ती न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडपर्यंत पोचली आहे. तिची युक्ती अगदी निराळी आहे. थंडी येताच ती मळा राखण्याचा हट्टच सोडते. वाळूत खोल जाऊन मुंग्या निपचित पडतात आणि मळा आक्रसत आक्रसत नावापुरता उरतो. वसंत आला की त्याच चिमूटभर विरजणातून पुन्हा मळा उभा राहतो. लाखोंची वस्ती पोसणाऱ्या ॲटाला हे कसे परवडावे? तेवढी तोंडे सहा महिने उपाशी ठेवता येत नाहीत. थोडक्यात भागवणाऱ्याला दूर जाता आले आणि ऐश्वर्यवान मागे राहिला, हा प्रकार मनुष्यवस्तीतही अपरिचित नाही. पण तो विषय येथे नको.

थंडीचे झाले, आता उष्णतेचे. पृथ्वी तापत आहे, हे आता सांगण्याची गोष्ट राहिलेली नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो हे महानगर आसपासच्या खेड्यांहून तापलेले असते. त्या शहरातील आणि बाहेरच्या ॲटा सेक्सडेन्स या मुंग्यांची तुलना मायकेल अँजिलेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केली. ४२ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले असता शहरी मुंग्यांना निश्चल व्हायला बाहेरच्या मुंग्यांपेक्षा २० टक्के अधिक वेळ लागला. थंडी सोसण्यात मात्र दोघींत फरक आढळला नाही. शहराने मुंगीला उन्हाचा सराव दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र ही परीक्षा मुंगीची होती, मळ्याची नव्हे. मुंगीने ४२ अंश सोसले म्हणून पंचविशीत रमणारी बुरशी ते सोसेल असे होत नाही. माती अजून तरी तिचे रक्षण करते. आणखी खोल जावे तर तेही शक्य आहे. पण खोल जाण्याला भूजलाची आणि खडकाची हद्द असते, आणि उष्णतेबरोबर दुष्काळ आला, तर छपराखालच्या मुंग्यांचा तो जुना पेच, ऊब घालवावी की ओल राखावी, अधिक कठीण होणार. टेक्सासमध्ये थंडीचे वाण तयार झाले तसे उष्णतेचेही होईल, असा दिलासा काही जण देतील. होईलही. परंतु ॲटाची राणी दहा वर्षांहून अधिक जगते. घरचे विरजण पुढच्या घरी जायला लागणारा वेळ त्या मानाने मोठा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या वंशशोधानुसार मुंग्यांची ही शेती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, उल्कापाताने डायनोसॉरांचा अंत झाला त्या सुमारास सुरू झाली. एवढ्या अवधीत या जोडप्याने पुष्कळ उन्हाळे-पावसाळे पाहिले. प्रश्न त्यांच्या सहनशक्तीचा नाही, बदलाच्या वेगाचा आहे.

आता, आरंभी ज्या वाळवीला दाराबाहेर ठेवले, तिला थोडा वेळ आत घेणे भाग आहे. कारण आपल्याकडे मुंगी ही शेती करत नसली, तरी वाळवीच्या काही जाती करतात, आणि त्यांनाही तापमानाचाच प्रश्न सोडवावा लागतो. ओडोन्टोटर्मिस ओबेसस ही शंकूच्या आकाराचे, पन्हाळ्यांसारख्या कंगोऱ्यांचे वारूळ बांधणारी वाळवी. तिच्या वारुळांचा बंगळूरला झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दिवसा बाहेरचे कंगोरे मधल्या भागाहून लवकर तापतात, तेव्हा हवा कंगोऱ्यांतून वर चढते आणि मधून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात आणि हाच प्रवाह उलटा फिरतो. दिवसरात्रीच्या तापमानातील फरकावरच त्या वारुळाचा श्वास चालतो.

वाळवीचे बियाणे मात्र मुंगीसारखे माहेरचे नसते. बहुतेक जातींत राजा-राणी रिकाम्या हातांनी घर थाटतात. त्यांची पहिली कामकरी पिढी बाहेर जाते, तेव्हा दुसऱ्या वारुळांवर उगवलेल्या भूछत्रांचे सूक्ष्म बीजकण वेचून आणते आणि त्यातून मळा लागतो. प्रत्येक नव्या घराला विरजण शेजारूनच आणावे लागते. त्या विरजणाचा बाजार भरतो तो पावसाळ्याच्या आरंभी, वारुळावर भूछत्रे उमलतात तेव्हा. गोव्यात त्यांना रोयणीची अळमी म्हणतात. पानांत गुंडाळून ती बाजारात येतात आणि पाहता पाहता संपतात. खवय्यांना उमललेल्यापेक्षा मिटलेली कळी अधिक प्रिय असते, आणि मिटलेल्या कळीतून बीजकण अजून पडलेले नसतात. एखाद्या रोयणीवरची सगळीच अळमी कोवळेपणी खुडली गेली, तर त्या वर्षी तेथून शेजारच्या नव्या घरांना बियाणे मिळत नाही. म्हणून रोयणीवरची चार-सहा अळमी पूर्ण उमलू द्यावीत, आणि छत्री काळवंडून गळेपर्यंत त्यांना हात लावू नये.